‘डोकं मात्र शाबूत आहे’

(आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रावरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘पाय ऐकत नाहीत, पण डोकं मात्र शाबूत आहे.’ तोल जाण्याचा आजार ज्यांच्या घराण्यात आहे, अशा माणसांकडून हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात कितीतरी वेळा ऐकलं आहे. बोलणारा खोटं बोलत नसतो. वार, तिथी, मुलांच्या जन्मतारखा, कोणाकडून किती येणं आहे, हे सारं त्याला आठवत असतं. आठवण शाबूत म्हणजे डोकं शाबूत, असा आपला सगळ्यांचाच समज आहे. तो समज किती महागात पडू शकतो, एवढंच आज मला सांगायचं आहे.

मी मेंदूविकारतज्ज्ञ नव्हे. घाटीत शिकलो आणि याच शहरात तीन तपांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम केलं. पण मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला माणूस आधी आमच्यासारख्यांकडे येतो, तज्ज्ञाकडे नंतर. त्यामुळे या आजारांची पहिली पावलं आम्हालाच दिसतात.

आजच्या बोलण्यातला मुख्य आजार म्हणजे आनुवंशिक अटॅक्सिया. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तो हळूहळू झिजतो. चाल लटपटते, जीभ जड होते, हात नेमका पेल्यापर्यंत जात नाही. याचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यांपैकी एकाची ओळख जगाला मुंबईतून झाली, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. डॉ. नोशीर वाडिया हे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मेंदूविकार विभाग उभा करणारे डॉक्टर. १९७१ साली त्यांनी आणि डॉ. स्वामी यांनी ‘ब्रेन’ या इंग्लंडमधल्या नामांकित नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांची हकिगत प्रसिद्ध केली. तोल जाण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही कुटुंबं. वाडियांची नजर गेली ती रुग्णांच्या डोळ्यांवर. तुम्ही-आम्ही डावीकडचं बघून उजवीकडे बघतो तेव्हा बुबुळ टुणकन उडी मारतं. या रुग्णांचं बुबुळ सरकत सरकत जायचं. म्हणून हे लोक डोळ्यांऐवजी मान वळवत. ना यंत्र, ना फोटो. दोन बोटं समोर धरायची आणि आळीपाळीने बघायला सांगायचं, इतकी साधी ही तपासणी आहे. मी ती आजही करतो. पुढे या आजाराला एससीए-२ असं नाव मिळालं आणि १९९६ मध्ये त्याचं जनुक सापडलं. क्युबा देशातल्या होल्गिन प्रांतात हा आजार जगात सर्वांत दाट आहे. चाल बिघडण्याच्या आधीच डोळ्यांची गती मंदावू लागते, हे तिथल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं आहे.

जनुकात बिघडतं काय, ते थोडक्यात सांगतो. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरं ओळीने पुन:पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती २२ वेळा येतात. ३३ किंवा त्याहून जास्त वेळा आली, की आजार होतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. या आजाराला एक प्रत बिघडलेली पुरते. म्हणून आई किंवा वडील आजारी असतील तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. ‘चार मुलांत दोघांना होणार’ असा त्याचा अर्थ नाही; दर वेळी नव्याने नाणं उडवल्यासारखं ते आहे. शिवाय ही अक्षरांची माळ पुढच्या पिढीत लांबू शकते आणि माळ लांब तर आजार लवकर. वडिलांना पंचेचाळिशीत झालेला आजार मुलाला तिशीत गाठतो तो यामुळे. ‘मामाची मुलगी केली म्हणून झालं’ असं कोणी म्हणालं तर या आजारापुरतं ते चूक आहे. नात्यात लग्न केल्याने दुसरे काही आजार वाढतात, हा नव्हे. करणीचं तर बोलायलाच नको.

आता मूळ मुद्दा. लहान मेंदू म्हणजे तोल सांभाळणारा, असं आम्ही कॉलेजात शिकलो. १९९८ साली बोस्टनच्या जेरेमी श्माहमान आणि जेनेट शेरमन यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या २० रुग्णांचा अभ्यास मांडला. या रुग्णांना कामाची आखणी जमत नव्हती, शब्द चटकन सुचत नव्हते, मूळ स्वभावात बदल झाले होते. हाही लेख ‘ब्रेन’मध्येच आला आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात वाडियांनी सहा भारतीय एससीए-२ घराण्यांची जनुकीय माहिती दिली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या डॉक्टरांनी एससीए-२ चे रुग्ण तपासले आणि ज्यांना स्मृतिभ्रंश म्हणता येणार नाही अशांतही आखणी करण्याची शक्ती कमी झालेली त्यांना आढळली. म्हणजे लहान मेंदू पावलांचा ताल सांभाळतो, तसाच विचारांचाही.

हे घरात कसं दिसतं? विसराळूपणासारखं दिसत नाही, म्हणूनच चकवतं. एक गृहिणी मला आठवते. वरण कसं करायचं, भात कसा, भाजी कशी, सगळं तिला येत होतं. एकेक पदार्थ विचारला तर बिनचूक सांगायची. पण चारही पदार्थ एका वेळी पानात यायचे, तर कशाला आधी हात घालायचा, कुकर होईपर्यंत कणीक मळून घ्यायची, हा मेळ बसेना. भात थंड व्हायचा आणि पोळ्यांचा पत्ता नसायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘हिचं लक्षच नसतं.’ नवरा म्हणायचा, ‘आळस वाढलाय.’ हा आळस नव्हता. मेंदूतला कारभारी दमला होता.

डॉक्टरांच्या साध्या स्मरणतपासणीतही हे निसटतं. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा आणि पाच मिनिटांनी सांगा, यात ही माणसं पास होतात. त्यांना वेगळं विचारावं लागतं. एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणारे जितके शब्द सुचतील तितके सांगा. एक–अ, दोन–ब असे अंक आणि अक्षरं आळीपाळीने जोडत चला. यात त्यांची गाडी अडते. शिक्षण कमी असेल तर ही अडखळ शिक्षणाची की आजाराची, हे तारतम्याने ठरवावं लागतं. कोणी मोबाइलवर बघून घरीच परीक्षा घेऊ नये.

पैठण तालुक्यातल्या एका कुटुंबाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांच्या घराला ‘डुलणाऱ्यांचं घर’ म्हणत. आजोबा डुलत चालायचे, वडीलही. वडील दारूला शिवत नसत, तरी बाजारात लोक त्यांना पिऊन आलेले समजत. दोन भाऊ, एक बहीण. मोसंबीची जुनी बाग. थोरला अडतीस वर्षांचा, बागेचा सगळा कारभार त्याच्याकडे.

मोसंबीचा आंबे बहार धरणं हे आखणीचं काम आहे. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा. किती दिवस, ते जमीन बघून. मग जानेवारीत मशागत, खत, पहिलं हलकं पाणी, त्यानंतरचं मोठं. क्रम चुकला की फुलं येत नाहीत, पालवीच फुटते. थोरल्याला यातलं प्रत्येक काम पाठ होतं. तरी एका वर्षी ताण पुरा होण्याआधीच त्याने पाणी सोडलं, दुसऱ्या वर्षी पाणी आधी आणि खत मागाहून. दोन बहार गेले. त्यातच त्याने दोन व्यापाऱ्यांकडून एकाच बागेचा बयाणा घेतला. व्यापारी दारात येऊन भांडले. गावाने निकाल दिला: थोरला लबाड झाला, धाकट्याला बुडवायला निघाला. धाकट्यानेही वाटणी मागितली. आई मध्ये पडली तर दोघेही तिच्याशी बोलेनात.

मजा अशी, की तेव्हा थोरल्याची चाल जवळजवळ ठीक होती. अंधारात थोडं चाचपडायचा, इतकंच. दवाखान्यात त्याला आणलं ते त्याच्या बायकोने, आणि चालण्यासाठी नव्हे. ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, यांना आता काम सांगावं लागतं. आधी हेच दहा माणसांना कामं सांगायचे.’ माझ्या इतक्या वर्षांच्या दवाखान्यात या अवस्थेचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. पुस्तकातही नाही.

दोन बोटं धरली. बुबुळ सरकत गेलं. ‘क’चे शब्द विचारले. कांदा, कापूस, कुदळ, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा कांदा. तीन शब्दांची आठवण मात्र चोख. पुढे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे पाठवलं, रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि एससीए-२ निघाला.

निदानाने आजार बरा होत नाही. एससीए-२ थांबवणारं औषध अजून नाही; व्यायामाने तोल काही काळ टिकतो, तो जरूर करावा. पण त्या घरात निदानाने एक काम केलं. थोरला लबाड नाही, हे धाकट्याला पटलं. भाऊ भावाशी बोलू लागला. ही गोष्ट कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. बागेचं वेळापत्रक आता पडवीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, एका वेळी एकच काम, झालं की खूण. सौदा दोघांच्या सह्यांशिवाय होत नाही. पाणी थोरलाच सोडतो.

हे केवळ अटॅक्सियाचं नाही. हंटिंग्टन नावाच्या आनुवंशिक आजारात तर ते अधिक ठळक दिसतं. १८७२ साली अमेरिकेतल्या जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टराने त्याचं वर्णन केलं. अंगाला नाचल्यासारखे झटके येतात, म्हणून लोक त्याला हालचालींचाच आजार समजतात. पण जनुक असलेल्या निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं, की विचारांचा वेग आणि मनाचा तोल यांतले बारीक बदल झटक्यांच्या दहा-दहा वर्षं आधीच सुरू झालेले असू शकतात. चिडचिड, उदासी, कशातच रस नसणं. नोकरी जाते, संसार मोडतो, आणि आजाराचं नाव कित्येक वर्षांनी कळतं. संशोधकांनी २०२२ मध्ये या आजाराच्या टप्प्यांची नवी मांडणी केली. तिच्यात विचारशक्तीतल्या घसरणीला हालचालींतल्या बिघाडाच्या बरोबरीचं स्थान दिलं आहे. दीडशे वर्षं लागली. बायकोला ते दोन बहारांत कळलं होतं.

ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या मनात आता पाल चुकचुकली असेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, दोन कामं एकदम जमत नाहीत, एवढ्याने कोणाला आनुवंशिक आजार होत नाही. घराण्यात तसा इतिहास नसेल तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप, दारू, झोपेच्या गोळ्या. ब-१२ कमी पडलं तर तोलही जातो आणि डोकंही चालेनासं होतं, आणि इंजेक्शनांनी माणूस सुधारतो. घराण्यात आजार असलेल्यांनीही या तपासण्या टाळू नयेत. एससीए-२ असलेल्या माणसालाही ब-१२ कमी पडू शकतं.

आणि ‘आनुवंशिक म्हणजे इलाज नाही’ हे वाक्य तर कोणी उच्चारूच नये. विल्सन नावाचा आजार आनुवंशिकच आहे. यात तांबं शरीराबाहेर टाकलं जात नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. शाळकरी पोराचं अक्षर बिघडतं, मार्क घसरतात, स्वभाव बदलतो, तोंडातून लाळ गळते. मास्तर म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात वयात आलंय. डोळ्याच्या काळ्या भागाभोवती तपकिरी कडं दिसू शकतं. इथे मात्र औषधं आहेत, तांबं बाहेर काढणारी आणि तांबं शोषू न देणारी. वेळेवर सुरू केली आणि जन्मभर सोडली नाहीत तर मूल शिकतं, नोकरी करतं. नात्यातल्या लग्नांनी वाढणारे आजार मघाशी म्हणालो, त्यांतला हा एक. मुलात निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करायलाच हवी, ती धडधाकट दिसत असली तरी.

आता थोडं कागदांविषयी. डॉक्टरने यात पडू नये असं काहींना वाटतं. मला वाटतं, डॉक्टरनेच आधी सांगावं, कारण वकिलाकडे लोक उशिरा जातात. निदान झाल्यावर घरचे बहुधा मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. ‘उद्या याचं डोकं चाललं नाही तर मुखत्यार बघेल.’ आपला कायदा नेमकं उलट सांगतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की ते मुखत्यारपत्रच संपतं. ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते निकामी. मग घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. खंडपीठ आपल्याच शहरात आहे, एवढीच त्यातल्या त्यात सोय.

म्हणून जे करायचं ते माणसाला स्वतःला समजतंय तोवर. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर, आणि त्या दिवशीची त्याची मनःस्थिती चांगली असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत. बँकेत संयुक्त खातं, नॉमिनी, विम्याचे कागद, सात-बारावरची नावं. कोणाला जामीन राहू नये, मोठा व्यवहार एकट्याने करू नये, हे त्याच्याशी बसून, त्याच्या तोंडून ठरवून घ्यावं. त्याच्या पाठीमागे ठरवलं तर पुढची सगळी वर्षं संशयात जातात. आणि निदान झालं म्हणजे उद्यापासून याला काही कळत नाही, असंही वागू नये. ही घसरण सावकाश असते. थोरल्याला आजही बाजारभाव माझ्यापेक्षा जास्त कळतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न मी मागे ठेवला आहे. ज्यांना अजून काही झालेलं नाही, त्यांनी जनुकाची तपासणी करावी का?

व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या गावांत हंटिंग्टनचे रुग्ण फार आहेत. अमेरिकेच्या नॅन्सी वेक्सलर तिथे १९७९ पासून वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांची आई याच आजाराने वारली होती. तिथल्या लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरच १९९३ मध्ये जनुक सापडलं आणि तपासणी शक्य झाली. स्वतः वेक्सलर यांनी मात्र आपल्या तपासणीबद्दल जगाला कित्येक वर्षं काही सांगितलं नाही. २०२० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं. ज्या बाईने तपासणीची वाट मोकळी केली, तिला गप्प राहण्याचा हक्क होता. आपल्याकडच्या सर्वांनाही तो आहे.

माझं मत सांगतो. आजारावर इलाज नसताना अठरा वर्षांखालच्या मुलाची अशी तपासणी करू नये. आजोबांनी हट्ट धरला तरी नाही. मोठ्यांनी समुपदेशन घेऊन, घाई न करता, स्वतः ठरवावं. लग्न ठरत असेल तर घराण्यात आजार आहे हे समोरच्या मुलीला किंवा मुलाला सांगावं, गावाला सांगण्याची गरज नाही. तपासणीचा कागद मागण्याचा अधिकार मात्र कोणाही पाहुण्याला नाही. एवढं सांगितल्यावर किती स्थळं परत जातात, हे मला माहीत आहे. तरीही सांगावं.

पैठणच्या त्या घरात तिघा भावंडांनी तीन वाटा धरल्या. थोरल्याचं निदान झालेलंच होतं. बहिणीने पुढच्या वर्षी तपासणी करून घेतली. तिच्यात जनुक निघालं नाही. ती दवाखान्याच्या बाकावर बसून भावासाठी रडली. धाकट्याने तपासणी केली नाही. त्याची दोन स्थळं परत गेली, तिसऱ्या मुलीने सगळं ऐकून घेऊन होकार दिला. लग्नाआधी ती एकदा एकटीच येऊन मला तासभर प्रश्न विचारून गेली, फार नेमके प्रश्न.

धाकटा दर वर्षी दिवाळीनंतर येतो. बोटं बघतो, शब्द सांगतो आणि जातो. गेल्या खेपेला खुर्चीत बसताबसताच म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, या वर्षी ‘क’ नको. ‘क’ माझा पाठ झालाय, बायको रोज घोकून घेते.’

मी त्याला ‘प’ विचारला.